बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

इ. स. २०२४ च्या चैत्रांत माझ्या धाकट्या कन्येस मुलगा झाला. एखाद्या घरांत मूल जन्मास येणें ही कांहीं मासिकांत छापण्याजोगी वार्ता नव्हे, हें मी जाणतों. परंतु या मुलाच्या जन्माविरुद्ध त्याच्या मातामहानें, म्हणजे प्रस्तुत लेखकानेंच, दोन वर्षें आधीं आठ पृष्ठांचें एक पत्र लिहिलें होतें. आणि तें पत्र अद्यापि माझ्या कन्येच्या कपाटांत आहे. त्या पत्राची हकीकत सांगितल्यावांचून मला पुढचें कांहींच सांगतां यावयाचें नाहीं.

मुलीचा विवाह २०१८ सालीं झाला. ती पुण्यांतील एका महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविते. आमचे जामात अभियंते आहेत, मितभाषी आणि सरळ. दुसऱ्या वर्षींच्या पावसाळ्यांत एके दिवशीं प्रयोगशाळेंत काम करीत असतां तिला परीक्षानळींतील तांबडा रंग उजव्या डोळ्यानें विटका दिसूं लागला. डाव्या डोळ्यानें पाहावें तर तोच रंग लालभडक. डोळा फिरविला कीं आंतून ठणका लागे. तीन आठवड्यांत नजर पुष्कळशी परत आली, आणि आम्हीं सर्वांनीं तो विषय सोडून दिला. दिवाळीनंतर मात्र कमरेखालीं मुंग्या येऊं लागल्या, पायरी चढतांना पाय आपला नव्हेसा वाटूं लागला, आणि मग मेंदूचें व कण्याचें एम. आर. आय. चित्र काढल्यावर दोन्ही दुखण्यांचें मूळ एकच आहे असें कळलें. रोगाचें नांव मल्टिपल स्क्लेरोसिस.

हें नांव मीं तोंवर ऐकलेलें नव्हतें. वाचकांपैकींही अनेकांनीं ऐकलें नसेल, म्हणून थोडें सांगतों. आपल्या मेंदूंतून व पृष्ठरज्जूंतून जे मज्जातंतु जातात त्यांच्यावर मायलिन नांवाच्या स्निग्ध द्रव्याचें वेष्टन असतें. विजेच्या तारेवर रबराचें असावें तसें. शरीराचें रक्षण करणारी जी यंत्रणा, तीच या रोगांत घरभेदी होऊन हें वेष्टन ठिकठिकाणीं कुरतडते. वेष्टन गेलें कीं निरोप मंदावतो, वाटेंत अडतो. आणि जेथें जखम झाली तेथें पुढें कठीण वण राहतो. पॅरिस येथील सालपेत्रिएर रुग्णालयांत शार्को या फ्रेंच वैद्यानें १८६८ सालीं या वणांची आणि लक्षणांची सांगड घालून रोगास त्याचें नांव दिलें. झटका येतो, कांहीं दिवस किंवा आठवडे राहतो, पुष्कळसा ओसरतो, आणि पुनः केव्हां येईल याचा नेम नसतो. बहुतेकांचें दुखणें आरंभीं तरी असेंच चालतें. वीस ते चाळीस या वयांत तें बहुधा प्रकट होतें, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतें. म्हणजे मुलींनीं संसार मांडावयाचें जें वय, नेमकें तेंच या पाहुण्याचें येण्याचें वय.

२०२२ च्या फाल्गुनांत मुलगी दोन दिवस आमच्याकडे वाईस आली होती. जातांना तिनें आपल्या आईस सांगितलें कीं, आतां मूल व्हावें असें उभयतांस वाटतें. ही गोष्ट घरांतून मला रात्रीं कळली, आणि मला झोंप आली नाहीं. निदान झालें त्या वेळीं एका मोठ्या रुग्णालयांतील वैद्यांनीं मजसमक्ष तिला बजावलें होतें, 'मुलाचा विचार मनांतून काढून टाका, पाय जातील.' तें वाक्य मीं वेदवाक्यासारखें गांठीं बांधून ठेवलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं संध्या आटोपून मी लिहावयास बसलों. छत्तीस वर्षें शाळेंत निबंध तपासलेला मनुष्य पत्रही निबंधासारखेंच लिहितो. प्रथम देहरक्षणाचा धर्म. मग मुलाचें संगोपन कोण करणार हा प्रश्न. मग दत्तकाचा पर्याय. मध्यें संस्कृत सुभाषितें तीन. 'तुझ्या हिताकरितां' हे शब्द दोनदां आले होते, आणि दुसऱ्या वेळीं त्यांखालीं मीं रेघही ओढली होती.

दहाव्या दिवशीं पुण्याहून एक जाड पाकीट आलें. आंत उत्तर नव्हतें. इंग्रजी छापील कागद होते, आणि वर तिच्या हातचा एक चिटोरा: 'ती. बाबांस शि. सा. नमस्कार. मूळ ग्रंथ पाहिल्यावांचून टीकेवर विसंबूं नये, असें तुम्ही मुलांना सांगत आलां. मूळ ग्रंथ पाठविला आहे.'

मी अकरावीची मॅट्रिक झालेला. संस्कृताचा अभ्यास शास्त्र्यांपाशीं झाला, इंग्रजीचा बेताचाच. कोश उशाशीं घेऊन मीं ते कागद आठ दिवस वाचले. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अमेरिकन नियतकालिकांत १९९८ सालीं आलेला तो लेख होता. फ्रान्समधील लिआँ येथील कॉन्फाव्रो व त्यांचे सहकारी यांनीं युरोपांतील १२ देशांत हा रोग असलेल्या २५४ स्त्रियांच्या २६९ गर्भारपणांचा मागोवा घेतला होता. गर्भ राहण्यापूर्वींच्या वर्षांत शंभर स्त्रियांमागें वर्षाकाठीं ७० झटके, या हिशेबानें दुखणें उठत होतें. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत तेंच प्रमाण २० वर आलें. मीं तो आंकडा तीनदां पाहिला. दशांशचिन्ह आपणच चुकीचें वाचलें असेल अशी शंका आली. पुढें प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तें प्रमाण एकदम १२० वर चढलें होतें, आणि मग पुनः पूर्वपदावर उतरलें होतें. गर्भारपण आणि नंतरचे तीन महिने एकत्र धरले तर हिशेब जवळजवळ फिटत होता. याच मंडळींनीं २००४ सालीं पुढच्या दोन वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांत, त्या कठीण तीन महिन्यांतही प्रत्यक्ष झटका आलेल्या स्त्रिया शंभरांत २८ च भरल्या होत्या.

माझ्या आठ पृष्ठांत सगळी भीति नऊ महिन्यांची होती. नंतरच्या तीन महिन्यांविषयीं अवाक्षर नव्हतें. भीति बाळगावयाचीच होती, तर मीं ती चुकीच्या जागीं बाळगली होती.

असें कां होतें याचा उलगडा शास्त्रज्ञ असा करतात. गर्भ हा अर्धा पित्याचा, म्हणजे मातेच्या शरीरास अर्धा परका. त्याला परका म्हणून हांकलून न देतां नऊ महिने सांभाळावयाचें, तर शरीराच्या रक्षकांना आपला उग्रपणा आवरावा लागतो. आणि त्या आवरण्याचा लाभ मज्जातंतूंच्या वेष्टनासही मिळतो. प्रसूति झाली, गर्भाबरोबर वाढलेले स्राव रक्तांतून एकाएकीं ओसरले, कीं रक्षक पुनः शस्त्र उचलतात. घरांतलीं माणसें पेढे वांटण्यांत असतात, आणि त्याच वेळीं धोका उंबऱ्याशीं उभा असतो.

मी पुण्यास गेलों. मुलीची क्षमा मागण्याची रीत आमच्या पिढीच्या बापांना शिकविलेली नाहीं. मीं तिला एवढेंच विचारलें, 'बाळंतपणानंतरचे तीन महिने तुझ्याकडे कोण आहे?' ती म्हणाली, 'तें तुम्हीच सांगा.'

मूल व्हावें असें वाटलें, गोळ्या बंद केल्या आणि दैवावर हवाला ठेवला, इतकें हें काम सोपें नाहीं. तिला टेरिफ्लुनोमाइड नांवाची गोळी चालूं होती. ती गर्भास अपायकारक; आणि सोडून दिली तरी कोणाकोणाच्या रक्तांत दोन वर्षेंपर्यंत रेंगाळते. तिला बाहेर काढण्याकरितां कोलेस्टिरामिन नांवाची भुकटी पाण्यांतून दिवसांतून तीनदां, अशी अकरा दिवस घ्यावी लागली. चुना कालवून प्यावा तशी ती लागे, असें मुलगी म्हणे. मग चौदा दिवसांच्या अंतरानें दोनदां रक्त तपासून, औषधाचा अंश उरला नाहीं अशी खातरी झाल्यावर पुढचा मार्ग खुला झाला. मध्यंतरीं ग्लॅटिरामर या औषधाचीं टोंचणीं सुरू केलीं, आठवड्यांतून तीन. हें औषध गर्भारपणांत व अंगावर पाजतांनाही चालूं ठेवतां येतें. ज्या तज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखालीं हें झालें त्यांना मीं पाठीमागच्या वहींत लिहून नेलेले प्रश्न विचारले. हा रोग मुलास होईल काय? एका पालकास असल्यास संभव शंभरांत दोन-तीन. पोट फाडूनच प्रसूति करावी लागेल काय? रोगासाठीं म्हणून नव्हे. इतर स्त्रियांना ज्या कारणांनीं करतात त्याच कारणांनीं. कमरेंत टोंचून वेदना शमवितात, त्यानें कण्यास अपाय? नाहीं, तें त्या फ्रेंच मंडळींनींही तपासलें होतें. बाईंनीं माझी वही मागून घेतली, आणि शेवटीं आपल्या हातानें एक ओळ लिहिली: 'ताप आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांवर लक्ष.' प्रत्येक रोगिणीचें दुखणें निराळें असतें, आणि एकीची गोळी दुसरीस चालेलच असें नाहीं, हेंही त्यांनीं सांगितलें. म्हणून मीही येथें तें सांगून ठेवतों.

गर्भारपणाचे महिने तिला सुखाचे गेले. सुश्रुताच्या ग्रंथांत गर्भिणीस 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, म्हटलें आहे. आपला डोहाळे हा शब्द त्याच कुळांतला. मुलीच्या मुखावर गेल्या चार वर्षांत न दिसलेलें तेज आलें, जिने ती न थांबतां चढूं लागली. विहीणबाईंनीं डोहाळेजेवण हौसेनें केलें. मी मात्र तिला जितकें बरें वाटे तितका मनांत अस्वस्थ होईं. तो १२० चा आंकडा मला पाठ झाला होता. प्रसूति सुखरूप झाली. मुलगा पावणेसात पौंडांचा.

पहिलें बाळंतपण माहेरीं, हा आपला शिरस्ता. पण तज्ज्ञ बाई पुण्यांत आणि आम्ही वाईस. तेव्हां यंदा माहेरच बिऱ्हाड उचलून मुलीच्या घरीं गेलें. मी, आमचें कुटुंब, आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्काचें वय चौऱ्याहत्तर. घराण्यांतलीं एकोणीस बाळंतपणें तिनें हातावेगळीं केलेलीं. ती येतांना आपल्याबरोबर कोळशाची शेगडी, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि डिंक घेऊनच आली, आणि आल्याआल्या तिनें बाळंतिणीच्या खोलीची खिडकी लावून वर जाड पडदा सोडला. बाहेर पुण्याचा उन्हाळा ऐन भरांत होता.

येथें माझी दुसरी चूक. या रोगांत उष्णता वैरीण आहे, असें तज्ज्ञ बाईंनीं मला स्पष्ट सांगितलें होतें. उठॉफ या जर्मन नेत्रवैद्यानें १८९० सालीं असें नोंदविलें कीं, अशा रोग्यांची दृष्टि श्रम केल्यावर मंदावते. पुढें कळलें कीं खरें कारण श्रम नसून त्यामुळें अंगाची वाढणारी उष्णता हें आहे. वेष्टन गेलेल्या तंतूंतून निरोप कसाबसा जात असतो; अंग किंचित् तापलें कीं तो मध्येंच थांबतो. एम. आर. आय. निघण्यापूर्वीं तर रोग्यास कढत पाण्यांत बसवून, लक्षणें वाढतात काय हें पाहून निदान करीत असत. हें सर्व मला ठाऊक होतें. परंतु आक्काच्या तोंडावर 'शेक नको' असें म्हणणें मला साधलें नाहीं. तिनें मला लहानपणीं न्हाऊं घातलें आहे. उद्यां सांगूं, परवां सांगूं, असें करीत पांच दिवस गेले. रुग्णालयांतून घरीं आल्याचे पहिले दोन दिवस नुसतें कोमट पाणी होतें, म्हणून माझ्या भित्रेपणास आधारही सांपडला.

सहाव्या दिवशीं आक्कानें तिला तेल लावून कढत पाण्यानें न्हाऊं घातलें, खाटेखालीं शेगडी सरकविली, आणि शेपा-ओव्याची धुरी दिली. मी बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होतों. आंतून मुलीची हांक आली, 'आई, बाळ घे माझ्याकडून. मला तें दिसत नाहीं.' आम्ही आंत गेलों तों ती खाटेवर बसली होती, डोळे उघडे, आणि उठूं पाहतांना तिचे पाय गळून पडत होते. आमचीं तोंडें पांढरीं पडलीं. आक्का तर रामरक्षा म्हणूं लागली. जामात मात्र एक शब्द न बोलतां पुढें आले, त्यांनीं पडदा ओढून काढला, खिडकी सताड उघडली, शेगडी उचलून बाहेर गच्चींत ठेवली, आणि ओल्या पंचांनीं तिचे तळपाय, मान, कपाळ पुशीत बसले. मी दूरध्वनीवर तज्ज्ञ बाईंना विचारीत होतों आणि माझा आवाज मलाच ओळखूं येत नव्हता. त्या शांतपणें म्हणाल्या, 'अंग गार होऊं द्या आणि घड्याळ पाहा. ताप किंवा संसर्ग नसतां चोवीस तासांहून अधिक राहिलें तर झटका. उष्णतेचें असेल तर तासाभरांत निवळेल, आणि त्यानें कायमची हानि होत नाहीं.' चाळीस मिनिटांनीं मुलगी म्हणाली, 'पडद्याचीं फुलें दिसूं लागलीं.' घड्याळ पाहावयाचें काम मजकडे होतें, म्हणून तीं चाळीस मिनिटें मला अचूक माहीत आहेत.

आक्का संध्याकाळपर्यंत कोणाशीं बोलली नाहीं. दिवेलागणीस माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, 'तुला ठाऊक होतें?' मीं होय म्हटलें. 'मग बोललास कां नाहींस? मी काय खाऊन टाकणार होतें?' याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं तिला मग सर्व सांगितलें. तो तीन महिन्यांचा आंकडाही सांगितला. आणि जुन्या संवयीनें वाग्भटाकडे वळून म्हणालों कीं, आपल्या वैद्यकानेंही सूतिकेस दीड महिना जपावयास सांगितलें आहे; त्यांतला शेक तेवढा आपण घट्ट धरला आणि विसांवा कोठें तरी सांडला. आक्काला वाग्भटाचें कौतुक नाहीं. ती म्हणाली, 'मग हिला दीड महिन्याऐवजीं तीन महिने. जागरण बंद. कागद घे.'

आणि त्या बाईनें पाळ्यांचें कोष्टक मला लिहावयास लावलें. रात्रीं दहाचें आणि पहांटे पांचचें दूध मुलीनें अंगावर पाजावयाचें. मधल्या वेळेसाठीं तिनें दूध काढून शीतपेटींत ठेवावयाचें, आणि घरांतल्या एकानें उठून तें वाटी-चमच्यानें बाळास द्यावयाचें. या दुखण्यांत जो थकवा येतो तो आपल्या नेहमींच्या थकव्यासारखा नसतो. अंगांतली वात खालीं ओढल्यासारखें होतें, आणि सलग पांच-सहा तास झोंप ही तेथें औषधाहून कमी नाहीं. रात्रीं दोन वाजतांची पाळी माझ्याकडे आली. दोन मुलींचा बाप असून मीं आयुष्यांत तान्हें मूल रात्रीं कधीं उचललें नव्हतें. पहिल्या रात्रीं अर्धें दूध माझ्या धोतरावर सांडलें. कुटुंबानें दारांतून तें पाहिलें, पण त्या आंत आल्या नाहींत. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर मात्र आक्कानें सोडली नाहीं, आणि तज्ज्ञ बाईंनींही तिला हरकत घेतली नाहीं.

इतकें करूनही शंभरांतल्या त्या अठ्ठावीस जणींत ती सांपडली. नववा आठवडा चालूं होता. बाळाच्या झबल्याचे बंद बांधतांना तिच्या डाव्या हाताचीं बोटें वळेनात. दुपारीं वाटी हातांतून निसटली. या वेळीं खिडकी उघडी होती, बाहेर पाऊस पडत होता, ताप नव्हता. आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं बोटें तशींच होतीं. मेथिलप्रेडनिसोलोन हें औषध दररोज एक ग्रॅम याप्रमाणें तीन दिवस शिरेंतून देण्यांत आलें. दुधांत त्याचा अंश अगदीं थोडा उतरतो. तरी दर वेळीं औषधानंतर कांहीं तास थांबून मग पाजावें, असें ठरलें. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मी तिच्याजवळ एकटाच बसलों होतों. ती म्हणाली, 'तुमचें पत्र अगदींच चुकलें नव्हतें, बाबा.'

आदल्या रात्रीं नेमकें हेंच वाक्य माझ्या मनांत येऊन गेलें होतें, याची मला लाज वाटते. त्या वेळीं मला त्यावर कांहीं बोलतां आलें नाहीं. मीं विचारलें, 'पहांटे पांचचें तुला जमेल, कीं तीही पाळी मी घेऊं?'

ती म्हणाली, 'पांचचें माझें. डाव्या हाताखालीं उशी तेवढी लावून द्या.'

हात सहा आठवड्यांत सुधारला. दोन बोटांना मात्र अद्यापि पातळ हातमोजा घातल्यासारखें वाटतें, असें ती सांगते. तीन महिने पुरे होऊनही आक्का आणखी महिनाभर राहिली, आणि शेगडी मात्र पुण्यासच ठेवून गेली. दिवाळीनंतर मुलगी महाविद्यालयांत पुनः शिकवूं लागली. तें पत्र मीं दोनदां परत मागितलें. ती देत नाहीं. अक्षर चांगलें आहे, म्हणते.

आम्ही वाईस परत आल्याला आतां बरेच महिने झाले, पण माझी दोन वाजतांची जाग गेलेली नाहीं. डोळे उघडतात, मी उठून बसतों आणि पायांनीं जोडे चांचपूं लागतों. मग शेजारच्या खाटेवरून कुटुंब म्हणतात, 'निजा आतां. इथें कोणी रडत नाहीं.'